चालतंय की!

14 ऑक्टोबर 2025 या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरचा हात काढून घेतला. आता दुरुस्त्या नाहीत, सुरक्षेची ठिगळं नाहीत. ज्याचं त्याने बघावं. ज्यांना अगदीच सोडवेना त्यांच्यासाठी थोडी मुदतवाढ ठेवली, पण ती मुदतवाढच. मोठमोठ्या कंपन्यांनी यासाठी आधीपासून समित्या नेमल्या होत्या. आमच्या मामांच्या पेढीची समिती म्हणजे मी.

मामांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणालाही वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण एका दिवाळीत पेढीतला प्रिंटर छापेना. मी सहज वाकून बघितलं, तर मागची वायर निघालेली. ती आत ढकलली आणि प्रिंटर किर्रर्र करून सुरू झाला. मामींनी डोळे पुसले. तेव्हापासून खानदानात 'कॉम्प्युटर कळणारा' म्हणून माझी नेमणूक झाली आहे. या पदाला पगार नाही, निवृत्ती नाही आणि राजीनामा घेणारा अधिकारी नाही. मामेबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मागून एका काकांनी माझ्या कानात विचारलं होतं, "एक्सेल उघडंना झालंय, काय करावं?" मंगलाष्टकाच्या ओळीत बसवून मी त्यांना 'बंद करून पुन्हा चालू करा' असं सांगितलं. उघडलं म्हणे. पद आणखी पक्कं झालं.

तर समिती पेढीवर गेली.

"मामा, विंडोज बंद झालं," मी गादीवर टेकत म्हणालो.

मामांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे बघितलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती, समोर दिवाणजी होते, प्रिंटर किरकिरत होता.

"चालतंय की."

"चालतंय हो. पण कंपनीनं जबाबदारी सोडली."

"कंपनी कधी धरून बसली होती आपल्याला? इतक्या वर्षांत साधं दिवाळीचं कार्ड नाही."

मामांच्या त्या काळ्या पडद्याचा इतिहास सांगायला हवा. 1993 साली मामांच्या मित्राच्या मुलाने डिप्लोमा संपवून नोकरी मिळेपर्यंत वेळ घालवायला, पेढीच्या मागच्या खोलीत भडंग खात, फॉक्सप्रोमध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याची पोती किती, वजन किती, दर काय. त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा. खाली निव्वळ रक्कम. ही झाली पट्टी. सौद्याच्या दिवशी अशा पट्ट्यांची माळ प्रिंटरमधून बाहेर पडते. मुलाला पुढे नोकरी लागली, मग बायको मिळाली, मग अमेरिका मिळाली. प्रोग्रॅम राहिला.

त्याच्या आजूबाजूचे मात्र एकेक करत गेले. फॉक्सप्रो करणारी मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने 1992 मध्येच विकत घेतली होती. त्या घराण्यातली शेवटची आवृत्ती 2004 ची, आणि तिचंही 2015 च्या जानेवारीत आटोपलं. डॉस त्याआधीच गेलं. एक्सपी 8 एप्रिल 2014 ला गेलं, विंडोज 7 गेलं 14 जानेवारी 2020 ला. प्रत्येक बातमी मी पेढीवर पोचवली आणि प्रत्येक वेळी मामांनी त्याच दोन शब्दांत श्रद्धांजली वाहिली.

प्रोग्रॅममध्ये दोष नाहीत असं नाही. पण इतक्या वर्षांत दोषांचे रिवाज झाले आहेत. उदाहरणार्थ, नावासाठी इंग्रजी वीस अक्षरांचीच जागा आहे. आता आमच्या भागात माणसाचं नाव 'अण्णासाहेब दादासाहेब पाटील' असणार. अण्णासाहेब आणि दादासाहेब मिळून, मधली जागा धरून, एकोणीस अक्षरं होतात. विसावी जागा पुढच्या मोकळ्या जागेत जाते आणि पाटील दारातच उभे राहतात. त्यामुळे पेढीच्या खात्यांत आख्ख्या मिरज तालुक्यात एकही पाटील नाही. सगळे नुसते बापलेक आहेत. एकाच नावाचे दोन निघाले की दिवाणजी एकाच्या पुढे टिंब देतात. "टिंबाचे अण्णासाहेब आलेत," अशी हाक बाहेर जाते, आणि आश्चर्य म्हणजे योग्य तेच अण्णासाहेब उठतात.

दिवाणजी ही या व्यवस्थेतली खरी कार्यप्रणाली. वय सत्तरीला टेकलेलं. कळफलकावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, आणि फटींत हळदीची पूड इतकी बसली आहे की एंटर दाबलं की बोट पिवळं होतं. दिवाणजींचं त्यावाचून अडत नाही. ते शेतकऱ्याच्या डोळ्यांत बघत, हवापाण्याची चौकशी करत, उजव्या हाताने पट्टी टाकतात. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लाल आलं तर ते वाचत नाहीत, लांबीवरून ओळखतात. लहान लाल आलं तर एस्केप. लांब लाल आलं तर एस्केप दोनदा, मग तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचं, मग एंटर. एकदा मी उत्साहाने ते लांब लाल वाचून दाखवलं. इंडेक्सची फाइल बिघडली आहे, असा त्याचा अर्थ होता. वीज गेली की असं होतं.

"मग थांबून कसं भागतं?" मी विचारलं.

"सर, तंबाखू मळताना मी दुसऱ्या हातानं रीइंडेक्स करतो की."

या प्रोग्रॅमचं नव्या यंत्रांशी कधीच जमलं नाही, आणि दर वेळी दोष नव्या यंत्राच्या हुशारीचा निघाला. त्या पिढीतले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना आधी यंत्राचा वेग मोजत. ठरावीक आकडेमोडीला किती वेळ लागला, त्याने भागाकार करत. यंत्रं इतकी वेगवान झाली की लागलेला वेळ शून्य भरू लागला, आणि शून्याने भागता येत नाही म्हणून प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच मान टाकू लागले. त्यावर शहाण्या लोकांनी यंत्राला मुद्दाम मंद करणारे प्रोग्रॅम काढले. मामांनी जादा पैसे मोजून नवा संगणक घेतला आणि कॉम्प्युटरवाल्या पोराने सगळ्यात आधी त्याला मठ्ठ केलं.

पोत्यांवरच्या चिठ्ठ्या छापायचा आणखी एक जुना प्रोग्रॅम होता. तो नव्या डिस्कवर बसेना. 'जागा अपुरी' म्हणे. डिस्क जवळजवळ सगळी रिकामी होती. पोराने शोध लावला की जागा मोजायला त्याच्याकडे जो आकडा आहे तो दोन अब्ज चौदा कोटींच्या थोडा पुढे गेला की उलटून ऋण होतो. म्हणजे रिकामी जागा फार असल्यामुळे ती कमी होती. हे ऐकून दिवाणजींनी प्रथमच त्या प्रोग्रॅमकडे आदराने बघितलं. "बरोबर आहे त्याचं. एवढी शिल्लक दिसली तर हिशेबात घोळ समजायचा." शेवटी पोराने डिस्क सिनेमांनी भरली, तेव्हा चिठ्ठ्या निघाल्या. या यार्डात हिशेबासाठी सिनेमे ठेवणारी ही एकमेव पेढी असावी.

विंडोज 7 आलं तेव्हा काळा पडदा आकसला. पूर्वी आल्ट आणि एंटर दाबलं की डॉसचा पडदा पूर्ण व्हायचा. नव्या पद्धतीत ती सोय गेली आणि हळदीचा सगळा व्यवहार कोपऱ्यातल्या एका चौकोनात आला. दिवाणजींचा चष्म्याचा नंबर बदलला. त्याहून मजा पंख्याची. डॉसचा प्रोग्रॅम तुमच्या बोटाची वाट बघताना स्वस्थ बसत नाही. कळ दाबली का, दाबली का, असं एका सेकंदात हजारो वेळा विचारत राहतो. त्यामुळे पेढीत गिऱ्हाईक नसलं की संगणक तापतो, आतला पंखा घोंघावतो. काम सुरू झालं की जरा शांत होतो. मामांना हे फार आवडलं. यार्डातल्या इतर नोकरांना ते संगणकाचं उदाहरण देतात.

असं सगळं निभावत आम्ही विंडोज 10 पर्यंत आलो. ते 32 बिटांच्या जातीतही मिळायचं, आणि 32 बिटांचं विंडोज डॉसच्या जुन्या प्रोग्रॅमना निदान ओसरीवर बसू द्यायचं. विंडोज 11 फक्त 64 बिटांचं आहे. ते ओळखच दाखवत नाही.

"32 चं 64 झालं म्हणून ओळख विसरायची?" मामांनी विचारलं.

"तसंच आहे ते."

"आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच. आणि काय रे, हे 10 शेवटचं म्हणाले होते ना?"

म्हणाले होते खरं. 2015 साली मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने भर सभेत विंडोज 10 हे शेवटचं विंडोज असल्याचं सांगितलं होतं, आणि ते मीच मोठ्या तोंडाने पेढीवर येऊन सांगितलं होतं. 2021 मध्ये 11 आलं.

"चालायचंच," मामा म्हणाले. "आपल्याकडं पण ही माझी शेवटची निवडणूक म्हणतात."

मी मग त्यांना लाज वाटावी म्हणून जगाचे दाखले काढले. ही माझ्या पेशातली खोड. दाखला दिला की समोरचा निरुत्तर होतो असं वाटतं. मी म्हटलं, "मामा, जपान सरकारनं 2024 मध्ये फ्लॉपी मागणारे जवळजवळ सगळे नियम रद्द केले. मंत्र्यांनी फ्लॉपीविरुद्धचं युद्ध जिंकलं म्हणून जाहीर केलं."

"2024 मध्ये?" मामा सरसावून बसले. "म्हणजे 2023 पर्यंत जपान फ्लॉपीवर होता? आणि आपण तर पेन ड्राइव्हवर कधीच आलो." पेन ड्राइव्ह तिजोरीत असतो, चांदीच्या लक्ष्मीच्या नाण्याशेजारी. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिल्यापासून तो घालताना जरा जोर लावावा लागतो.

मी घाईने सॅन फ्रान्सिस्को काढलं. तिथल्या भुयारी गाड्यांचं नियंत्रण 1998 साली बसवलेलं, आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षं रोज सकाळी ते फ्लॉप्या घालून सुरू करावं लागे. मामांनी दिवाणजींना हाक मारून हे पुन्हा सांगायला लावलं. जर्मनीत 2024 च्या जानेवारीत रेल्वेच्या कामासाठी विंडोज 3.11 जाणणारा माणूस पाहिजे अशी जाहिरात आली होती, आणि ते विंडोज 1993 सालचं, म्हणजे आपल्या पट्टीच्याच वयाचं. अमेरिकेच्या नौदलाने 2015 मध्ये एक्सपी आणखी थोडं जगवायला सुमारे नव्वद लाख डॉलर मोजले. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन ते अगडबंब ग्रंथ अजून डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये लिहितात. मी बोलत गेलो आणि मामांचा चेहरा उजळत गेला. शेवटी मी स्वदेशी अस्त्र काढलं. रिझर्व्ह बँकेने 2018 च्या जूनमध्ये बँकांना बजावलं की एटीएममधलं एक्सपी वर्षभरात टप्प्याटप्प्याने काढा.

"थांब. एक्सपी कधी मेलं म्हणालास?"

"2014."

"म्हणजे चार वर्षं बँकेनं आमचा पैसा मेलेल्याच्या हाती दिला होता. आणि घाई माझ्या हळदीला?"

त्या दिवशी मामा मला सोडायला स्वतः बाहेरपर्यंत आले. इतकं आश्वासक व्याख्यान त्यांनी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दरम्यान मामेभावाने पुण्याहून एका नव्या सॉफ्टवेअरचा विक्रेता पाठवला. तरुण, इस्त्रीचा, बोलायला गोड. म्हणाला, "मालक, सगळा डेटा क्लाउडवर. म्हणजे ढगात."

मामांचा चेहरा पडला. "बाळ, आमची हळद शिजवून उघड्यावर वाळत घालतात. ढग हा शब्द इथं काढू नकोस."

त्याने रंगीत तक्ते दाखवले. पोळीचे तुकडे पडावेत तसे गोलाचे तुकडे, प्रत्येकाचा रंग निराळा. मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यात शिल्लक कुठाय?" मग त्याने पट्टी करून दाखवायला घेतली. आडनाव भरल्याशिवाय पुढे जाईना. दिवाणजी म्हणाले, आडनाव कशाला, टिंब घाल. मग ईमेल मागितला. समोर खरे टिंबाचे अण्णासाहेब बसले होते. त्यांनी सरळपणे सांगितलं की त्यांच्याकडे दोन म्हशी आणि एक ट्रॅक्टर आहे, बाकी काही नाही. तेवढ्यात इंटरनेट गेलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. तो फिरत असताना दिवाणजींनी बाजूच्या काळ्या पडद्यावर त्यांची पट्टी केली, छापली, फाडली आणि हातात दिली. विक्रेत्याला मामांनी चहा आणि भडंगाचा पुडा देऊन निरोप दिला. दर महिन्याला भाडं म्हटल्यावर मामींनी त्याला दुसरा चहा दिला नाही.

मग कॉम्प्युटरवाल्या पोराचा प्रयोग. त्याने विंडोज 11 चा संगणक आणला आणि त्यावर डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम घातला. हा मुळात जुने डॉसचे खेळ खेळता यावेत म्हणून केलेला आहे, आणि तो खेळांसाठीच आहे असं करणारे स्वच्छ सांगतात. त्यात मामांची पेढी सुरू झाली. सगळं होतं तसं. फक्त छापण्याची सोय नव्हती, कारण राक्षस मारल्यावर कुणी पट्टी मागत नाही. मग त्याने व्हीडॉस शोधून काढला. नेदरलँड्समधल्या एका गृहस्थाने डॉसबॉक्सच घेऊन तो खास कारभाराच्या प्रोग्रॅमसाठी बेतला होता. जगात कुठेतरी एका डच माणसालाही एक मामा असणार, याची मला त्या दिवशी खात्री पटली.

छपाई झाली, पण ती नव्या लेझर प्रिंटरवर. जुन्या प्रिंटरची जाड केबल लावायला नव्या यंत्राला भोकच नव्हतं. पट्टी गुळगुळीत पांढऱ्या कागदावर, सुबक अक्षरांत, एका क्षणात आणि आवाज न करता आली. शेतकऱ्याने ती उलटसुलट करून बघितली.

"ही झेरॉक्स हाय. खरी द्या."

"हीच खरी आहे," मी म्हणालो.

"मग भोकं कुठायत कडेला?"

मागच्या दोघांनीही माना हलवल्या. प्रिंटर किरकिरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, हा इतक्या वर्षांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. तिसऱ्याने तर रक्कम बोटावर पुन्हा मोजायला घेतली. अर्ध्या तासात यार्डात बातमी पसरली की पेढीची 'खरी' पट्टी बंद झाली आहे. मामांनी पोराला मुंबईला लॅमिंग्टन रोडला पिटाळलं. तो जुनी केबल नव्या भोकात बसवणारी जोडणी घेऊन आला, वर एक बंद पडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही घेऊन आला, सुटे भाग काढायला. मागच्या खोलीत आता एक संगणक चालू ठेवण्यासाठी मेलेल्या संगणकांचा ढीग आहे, आणि मामा अधूनमधून त्याच्याकडे समाधानाने बघतात.

जीएसटीचा हिशेब 2017 पासून वेगळ्या, खऱ्याखुऱ्या आधुनिक संगणकावर होतो. दोन संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत. दिवाणजी काळ्या पडद्यावरचा आकडा वाचतात, तीन पावलं चालतात आणि रंगीत पडद्यावर घालतात. आमच्यातलं नेटवर्क तेवढंच. 2017 च्या मे महिन्यात जगभर वॉनाक्रायचा कहर झाला, रुग्णालयं थांबली, कारखाने थांबले. पट्टीच्या संगणकावर काही आलं नाही, कारण यायला रस्ता नव्हता. त्या दिवसांत दिवाणजींचा गुडघा दुखत होता. यार्डात व्हायरसचं नुकसान म्हणून जे काही झालं ते तेवढंच.

शेवटी मीच आग्रह धरला की मूळ लिहिणाऱ्याला फोन लावू. न्यू जर्सीत रात्र होती. स्पीकर चालू केला.

"काका! ते अजून चालतंय?" त्याचा आवाज दाटून आला. "मी बावीस वर्षांचा होतो हो."

"चालतंय की. पण हमालीत पाच पैशांचा फरक पडतो, ते तू येऊन बघतो म्हणाला होतास."

"कधी?"

"94 ला."

त्याने विषय बदलला. हल्ली तो एका विमा कंपनीत आहे. तिथे जुने कोबोलचे प्रोग्रॅम आहेत, त्याच्या जन्माआधीचे. ते काढून नवे बसवायचे, हीच त्याची नोकरी.

"निघाले का?" मामांनी विचारलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. "नाही काका. म्हणजे, दरवर्षी ठरतं. पण चालतंय ना ते."

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी परीक्षेत कॉपी पकडल्यावर विद्यार्थ्याकडे टाकतो.

फोन ठेवताना त्याला एकदम आठवलं. "काका, एक आहे. 99 च्या डिसेंबरात अमेरिकेला येताना मी सालाचं काम केलं होतं बघा, दोन आकडी. 50 च्या खालचं साल आलं की तो 2000 च्या पुढचं धरतो. 2050 ला मात्र तो परत 1950 समजेल. तेव्हा बघावं लागेल."

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"दिवाणजी, लिहून घ्या. 2049 च्या दिवाळीत भाचेबुवांना आठवण करायची."

दिवाणजींनी वहीचं शेवटचं पान काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि वर बघून विचारलं, "मालक, लक्ष्मीपूजनाच्या आधी का पाडवा झाल्यावर?"